काकवीने माखलेले युवराज

युवराज रणधीर सिंहासनाला चिकटले होते. सकाळी गुऱ्हाळात शिरून त्यांनी काकवीचं मडकं डोक्यावर पालथं करून घेतलं होतं आणि तसेच येऊन दरबारात बसले होते. वय वर्षं पाच. माश्या घोंघावत होत्या, मुंग्या पायऱ्या चढत होत्या आणि दुर्गसेन महाराज उभे होते, कारण बसायला जागाच नव्हती.

दायांनी विनवलं, प्रधानजींनी लाडू दाखवला, सेनापतींनी डोळे वटारले. सगळ्यांनी एकच विचारलं, अंघोळ करणार ना? आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळालं, "नाही!"

धुतलेले पडदे घेऊन आलेल्या भागू परटिणीला हसू फुटलं. महाराजांनी नेमकं ते पाहिलं. त्यांनी फर्मावलं, आता हिनेच युवराजांना न्हायला न्यावं. पण हात लावायचा नाही, धाक घालायचा नाही, लालूच दाखवायची नाही. जमलं नाही तर उद्यापासून नदीचा घाट हिला बंद.

घाट बंद म्हणजे चूल बंद, आणि घरी खाणारी चार पोरं. भागूने पदर खोचला.

"युवराज, न्हाणीघरात कुणाच्या पाठीवरून जायचं? प्रधानजींच्या, की सेनापतींच्या?"

युवराजांनी दोन्ही पाठी नीट न्याहाळल्या. "सेनापतींच्या!"

सेनापती घोडा झाले. फणसाचा गरा सुटावा तसे युवराज सिंहासनावरून सुटले आणि स्वारी निघाली. न्हाणीघरात भागूने विचारलं, पहिला तांब्या पायांवर की डोक्यावर? पायांवर, हुकूम झाला. शिकेकाई युवराज चोळणार की सेनापती? युवराजांनी स्वतःच चोळली आणि उरलेली सेनापतींच्या मिशांना लावली.

लख्ख युवराज पाहून महाराज चकित झाले. "पण अंघोळ करणार का, हे तू विचारलंच नाहीस!"

"ते कशाला विचारायचं, महाराज? तसं विचारत बसले असते तर माझ्या घरचं एक पोर आजवर न्हालं नसतं."

महाराजांचा हात जरा आखडता होता. ठीक आहे, जा आता, असं म्हणून ते वळले. भागू जागची हलली नाही.

"जाते की. बक्षीस आत्ता देणार, की जेवण झाल्यावर?"

महाराजांना भूक लागली होती. "जेवण झाल्यावर," ते म्हणून गेले.

प्रधानजी खोकले. महाराज थबकले आणि मग असे खदखदून हसले की मुकुट कानावर आला. मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी तिच्या ओंजळीत टाकलं.

"आत्ताच घे, बाई! जेवणानंतर आलीस तर विचारशील, एक गाव देता की दोन!"