न दिलेला हुंकार

एकदा एक वृद्ध शिक्षिका दुपारी तांदूळ निवडत बसली होती. समोर तिची शिष्या ध्वनिफितींवर चिठ्ठ्या चिकटवीत होती. तेवढ्यात डोंगरातल्या पाड्यावरून फोन आला. बुधीआजी सकाळी गेली.

जंगलाच्या हक्कासाठी लाकूड नेणाऱ्या बैलगाड्या अडवून बुधी तरुणपणी तुरुंगात गेली होती. न्यायालयाच्या कागदावर एवढेच होते : ‘बुधी व इतर सात बाया’. त्या साती जणी आधीच गेल्या होत्या. त्यांची नावे आता एकट्या बुधीला ठाऊक होती, आणि तीच विचारून तिची गोष्ट फितीवर घ्यायला शिष्या महिन्यापूर्वी पाड्यावर जाऊन आली होती.

“बरं झालं बाई, तिचा शब्द न् शब्द आपल्याकडे आहे,” शिष्या म्हणाली.

“नावं?”

“त्या दिवशी ती दमली. पुढच्या खेपेला सांगणार होती.”

दिवसकार्याला दोघी पाड्यावर गेल्या. अंगणात बायका जमल्या आणि शिष्येने फीत लावली. बुधी एक वाक्य बोले आणि थांबे. ती थांबली की शिक्षिका मोठ्याने म्हणे, “हं.”

“मेलेलीला हुंकार देते बाई!” कोणीतरी हसले.

फितीतून आवाज आला, “आयकतस ना गं, पोरी?”

“हं, बुधी. पुढं सांग,” शिक्षिका म्हणाली.

फितीत नुसती शांतता होती. मग बुधी म्हणाली, “मंग आम्ही गेलो. मारलं. सुटलो. झालं.”

बुधीची सून म्हणाली, “एवढीच गोष्ट? आम्हाला सांगायची तर रात्र पुरत नसे. गाडीपुढं कोण आडवी पडली, बैल कुणी सोडले, त्या त्या जागी एकेकीचं नाव घ्यायची.”

“मग तुम्हाला नावं ठाऊक असतील!” शिष्या म्हणाली.

“ध्यानात कोण ठेवतं? वाटायचं, म्हातारी आहेच.”

शिष्या हळूच म्हणाली, “फितीत माझा आवाज यायला नको, म्हणून मी गप्प होते. पण मान हलवत होते, बाई.”

“तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते,” शिक्षिका म्हणाली. “ती दमली नव्हती. हुंकार आला नाही, की सांगणारी समजते ऐकणारीला कंटाळा आला, आणि गोष्ट आवरती घेते. तू फीत स्वच्छ ठेवलीस. तिला वाटलं, आपलं कोणी ऐकत नाही.”

परतल्यावर शिष्येने चिठ्ठीवर बुधीचे नाव लिहिले आणि खाली सात ओळी आखल्या. त्या भरायच्या राहून गेल्या.