देवखारची दुसरी हाक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा देवखारला स्टेशन नव्हतं, नगरपालिका नव्हती, आणि आता जिथे स्कायवॉकच्या पायऱ्या उतरतात तिथे भरतीचं पाणी चढायचं. खाडीच्या काठाला मूठभर कौलारू घरं होती. घरांच्या पुढे मिठागरं, आणि मिठागरांच्या पुढे खाजण. खाजण म्हणजे नुसता काळा चिखल आणि त्यात उभी तिवरांची झाडं. सगळी एकसारखी, एकमेकांच्या अंगावर रेललेली. दिवसाढवळ्या आत गेलेला माणूससुद्धा परत फिरताना क्षणभर थांबायचा आणि विचार करायचा, आपण आलो नेमके कुठून?

त्या खाजणात चकवा होता, असं म्हणतात.

चकवा दिसत नाही. मला लहानपणी याचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची. दिसला असता तर निदान कुठे बघायचं नाही ते तरी कळलं असतं. तो नुसती हाक मारतो. दिवेलागणीला, पाणी चढू लागलं की, तुमच्याच माणसाच्या आवाजात. आईला सर्दी झाली असेल तर आवाजात ती सर्दीसुद्धा असते. माणूस ओ देतो आणि आवाजाकडे चालू लागतो. मग चालतच राहतो, गोल गोल, तिवरांमधून, आणि समोर घरातला दिवा दिसतच असतो. पाणी गुडघ्याला लागलं तरी त्याला वाटतं, आलंच आपलं अंगण.

पण चकव्यात एक उणेपण होतं. त्याला दुसरी हाक मारता येत नसे.

म्हणून देवखारात प्रत्येक हाक दोनदा मारत. पहिल्या हाकेला कोणी ओ देत नसे. हातातलं काम तसंच धरायचं, मान जराशी कलती करायची आणि दुसरीची वाट बघायची. ती आली तरच उठायचं.

आणि गावाच्या शिवेवर एक धोंडा होता, शेंदूर फासलेला. धोंड्याच्या आत चकव्याचा आवाज पोचत नसे. या धोंड्याची राखण नाथीआयकडे होती. तिच्या सासऱ्याकडून नवऱ्याकडे आणि नवरा गेल्यावर तिच्याकडे आलेली. उंच, वाळकी बाई, मिश्रीने काळे झालेले दात, मिठाने फुटलेल्या टाचा. रोज दिवेलागणीला ती धोंड्यापाशी दिवा लावायची आणि खाजणाकडे तोंड करून मिठागरात मागे राहिलेल्यांना नावानिशी हाका घालायची. "हिरू गोऽ! हिरू गोऽ!" जी माणसं धोंड्याच्या आत राहत, त्यांना, कुठेही असली तरी, ती हाक ऐकू येई. ती चिखल तुडवत परत येत. मधल्या वेळात कुठे होतो, हे मात्र कोणालाच सांगता येत नसे.

मग रूळ आले. रुळांमागून कापड रंगवायचा कारखाना आला, आणि कारखान्यामागून माणसं आली. घाटावरची, दुष्काळातून उठून आलेली. गावाने त्यांना घर बांधायला वीतभर जागा दिली नाही. तेव्हा कारखान्याने पत्र्याची एक लांबलचक चाळ उभी केली, ती नेमकी शिवेच्या धोंड्याबाहेर, खाजणाला लागून.

नाथीआय पहिल्याच दिवशी चाळीत गेली. बायका दारात चुली मांडून भाकऱ्या थापत होत्या.

"बायांनो, मी धोंड्यावरची नाथीआय. येक आयका माजं," ती म्हणाली. "हाक मारताना दोनदा मारा. येका हाकंला ओ देव नका. इथं बरं नाय."

कोंडाबाई म्हणून एक होती, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "आवं नाथीआय, आमच्याकडं एका हाकंत डोंगरापलीकडनं गडी येतोय. तुमच्या गावची मानसं काय बहिरी हायती व्हय?"

बायका खदाखदा हसल्या. नाथीआयसुद्धा हसली. कोंडाबाईने तिला बसवून गरम भाकरी खायला लावली, वर ठेच्याचा गोळा. पण खाताना नाथीआयचं लक्ष चुलीकडे नव्हतं. ती सारखी चाळीच्या मागे बघत होती.

आधी एक रंगारी गेला. त्याचा जेवणाचा डबा तिवराच्या फांदीला नीट अडकवलेला सापडला. मग कोंडाबाईचा नवरा गेला. त्याचं नाव रावजी. संध्याकाळी लवकर जेवायला बसला होता आणि कोंडाबाई त्याच्यासमोरच बसून वाढत होती. ती गप्पच होती. रावजीने हातातला घास ताटात ठेवला, तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं आणि म्हणाला, "आलो गं कोंडे, आलो." आणि उठून बाहेर गेला. तिला वाटलं, चेष्टा करतोय. सकाळी चिखलात त्याच्या पावलांचं एक मोठं रिंगण दिसलं. पावलं त्या रिंगणातून बाहेर पडलेली कुठेच नव्हती.

त्यानंतर चाळीत सगळे दोनदा हाक मारायचं ठरवू लागले. पण जन्माची सवय अशी सुटत नाही. घाईत एकच हाक जायची, आणि पोरं दुसरीची वाट न बघता धावत सुटायची.

नाथीआय गावच्या पोशा पाटलाकडे गेली. पाटील पडवीत बसला होता.

"पाटील, धोंडा चाळीच्या पुढं नेवाला पायजे."

"डोकं फिरलं का तुझं, नाथे? आज धोंडा नेशील. उद्या ते आपल्या विहिरीवं येतील, परवा गावच्या पंगतीला बसतील."

"बसू दे की. येक पंगत जास्ती उठंल. तुमचा भात काय सरतो?"

पाटील उठून उभा राहिला. "धोंडा जो हलवतो तो बाहेरचा होतो, ठाव हाय ना? त्याला मागं वळून बघाचं नाय. आतल्या कोनी दोनदा बोलावला तरच त्याला परत येता येतं. आनि माज्या गावातलं कोनी तुला बोलावनार नाय. सांगून ठेवतो."

नाथीआयने पदर खोचला आणि दिवा लावायची वेळ झाली म्हणून निघून गेली.

कोंडाबाईला एक मुलगी होती, सारजा. सारजा सांगू लागली की बाबा चाळीच्या मागून बोलावतोय. कोंडाबाई दिवेलागण झाली की तिला दोरीने खांबाला बांधून ठेवी. एका संध्याकाळी खाडीवरून धुकं आलं. कोंडाबाई चुलीवरचं उतरवून वळली, तर खांबाला दोरी होती, दोरीची गाठ तशीच होती, आणि आत सारजा नव्हती.

तिची किंकाळी गावापर्यंत पोचली. सगळं गाव बांधावर येऊन उभं राहिलं, पुढे काठी घेऊन पोशा पाटील. धुक्यातून पोरीचं डोकं तेवढं दिसत होतं, पाण्यावरून सरकत आत आत जाणारं. कोंडाबाई हाका मारत होती, पण पोरीला ऐकू जात नव्हतं.

नाथीआयने हातातला दिवा खाली ठेवला. धोंड्याला हात लावून कपाळाला नेला. मग तो उचलला. चार गड्यांना न हलणारा धोंडा तिने लेकराला घ्यावं तसा कमरेवर घेतला आणि चालू लागली, असं म्हणतात. चिखलात ती बुडाली नाही. जिथून ती गेली तिथे शेंदराची एक रेघ पडत गेली, आणि पाणी त्या रेघेपाशी येऊन थांबत गेलं. चाळ मागे टाकून ती पार पुढे गेली, तिवरांच्या तोंडाशी तिने धोंडा रोवला आणि हाक घातली.

"सारजा गोऽ! सारजा गोऽ!"

आता चाळ आत आली होती. सारजाला हाक ऐकू गेली. झोपेतून उठल्यासारखी ती वळली आणि छातीभर पाण्यातून रडत रडत परत आली. नाथीआयच्या बाजूने, धोंड्याच्या बाजूने, थेट आईच्या कुशीत.

नाथीआय मात्र धोंड्याच्या पलीकडे उभी होती. पाठमोरी. तिला वळायचं नव्हतं. ती वाट बघत होती.

बांधावर सगळं गाव होतं. हिरू होती, जिला तिने कितीतरी वेळा परत आणलं होतं. कोणी तोंड उघडलं नाही. पाटलाची काठी नुसती जमिनीवर टेकलेली होती.

तेव्हा कोंडाबाईने हाक मारली. तीही आता आतली होती, तिची हाक चालली असती. तिने सगळा जीव एकवटून हाक मारली, "नाथीआय!"

आणि तिला हुंदका फुटला. ती पोरीला कवटाळून खाली बसली. तिच्याकडे एका हाकेत माणूस येतो. तिला वाटलं, हाक मारून झाली.

नाथीआयने मान जराशी कलती केली. सगळ्यांनी ते बघितलं. ती देवखारची बाई होती, जन्मभर पहिल्या हाकेला थांबत आलेली. ती थांबली. खूप वेळ थांबली. दुसरी हाक आली नाही. एकच हाक कोणाची असते ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पदर डोक्यावरून घेतला आणि तिवरांमध्ये शिरली.

कोंडाबाईच्या लक्षात आलं आणि ती धावत सुटली, दोनदा, दहादा, घसा फुटेपर्यंत ओरडत राहिली. पण तोवर धुकं नाथीआयच्या मागे मिटलं होतं.

पोशा पाटलाला त्यानंतर माणसांच्या हाका ऐकू येईनाशा झाल्या, असं म्हणतात. बायको कानाशी ओरडली तरी त्याला कळत नसे. तो पडवीत खाजणाकडे मान कलती करून बसायचा. चाळीतल्या बायका पुढे गावच्या विहिरीवर येऊ लागल्या आणि कोणी अडवलं नाही. धोंड्यापाशी दिवा कोंडाबाई लावू लागली, तिच्यानंतर सारजा.

आणि गाव वाढत गेलं. चाळीपुढे कामगारांची कॉलनी झाली, कॉलनीपुढे एसटी स्टँड, त्याच्यापुढे बाजार, मग सोसायट्या, मग टॉवर. दर वेळी नवीन पायाचं खोदकाम सुरू व्हायच्या आधी धोंडा त्याच्या पुढे सरकलेला असतो. कोण सरकवतं ते कोणी पाहिलेलं नाही. एकदा पालिकेने त्याला भोवताली लोखंडी जाळी करून कुलूप घातलं. जाळी अजून आहे, भाजी मंडईच्या मागे. कुलूपही आहे. आत धोंडा नाही. चिखलातून लाल रेघ तेवढी पुढे गेलेली दिसते.

आमच्या देवखारात आजही कोणी एकदाच हाक मारत नाही. दाराची बेल दोनदा वाजते. नवीन कुरियरवाला एकदाच वाजवतो आणि उभा राहतो, आतली माणसं दाराशी येऊन गप्प उभी असतात. शेवटी शेजारच्या काकू सांगतात, "अहो, परत वाजवा की."

आणि नवीन इमारतीत माणसं राहायला आली की पहिल्या संध्याकाळी सगळे गच्चीवर जमतात. कानडी असोत, बिहारी असोत, कोणी का असेना. खाजणाकडे तोंड करून सगळे मिळून हाक मारतात. "नाथीआय! नाथीआय! घरी ये!" दोनदा, नीट, मध्ये न रडता. तिचं राहिलेलं देणं म्हणून.

आम्ही आमच्या इमारतीत आलो तेव्हा मीही गच्चीवर होते. हाक मारून झाली. खाली पाणी चढत होतं. मग तिवरांच्या आतून, खूप लांबून, बाईच्या आवाजात उत्तर आलं.

"ओ."

सगळे तसेच उभे राहिले. आईने माझं मनगट धरलं होतं, ते अजून दुखल्यासारखं वाटतं. सगळ्यांनी मान कलती केली होती, माझीही झाली होती. ती नाथीआय असेल तर दुसऱ्यांदा ओ देईल. तिच्याइतकं ते कोणाला ठाऊक आहे?

अंधार पडेपर्यंत आम्ही थांबलो. दुसरा ओ आला नाही. मग एकेक जण खाली गेला आणि आम्ही दारं लावून घेतली.

दिवा मात्र बाहेरच ठेवतात, दर घरी, खाजणाच्या बाजूच्या खिडकीत.