पुढच्या दारी गेलेला वाडगा

एका राज्यात वर डोंगरकरी नांदत आणि खाली नदीकर. दुष्काळ पडला, तरी राजाने कोठार उघडलं नाही. दारी आलेल्या मांत्रिकाला त्याने मूठभर ज्वारी फेकून मारली.

मांत्रिक म्हणाला, "राजा, दगड हो! एकाने जरी मान खाली घालून धान्य घेतलं, तरी वाटलेल्या साऱ्या धान्याचे खडे होतील. राज्य ताठ मानेने जेवलं, तर तू उठशील. खेपा तीन."

राजा जागीच दगड झाला.

राजकन्या केतकीने कोठार उघडलं. घरटी सारखं माप दिलं. डोंगरकरी हसत घेऊन गेले. त्यांच्यात शिकारसुद्धा गावभर वाटतात. नदीकरांची तानूआक्का मात्र खाली मान घालून पुटपुटली, "फुकटचं खायची वेळ आली गं बाई!"

साऱ्या धान्याचे खडे झाले.

मग केतकीने बंधाऱ्याचं काम काढलं. जेवढं काम, तेवढं धान्य. नदीकर खुलले. डोंगरकऱ्यांचा म्होरक्या लखमा मान वर करीना. "शेजारची म्हातारी उपाशी, अन् मी माझं माप उचलू? लाज वाटते, बाईसाहेब."

पुन्हा खडे.

केतकी दगडी पित्यापाशी बसली. एकच खेप उरली होती. खिडकीतली साळुंकी म्हणाली, "मी दोन्हीकडचं खाते, म्हणून सांगते. नदीकर वाडगा रिकामा परत करत नाहीत. अन् डोंगरकऱ्याला परतफेड केली, की त्याला वाटतं, नातं तोडलं."

केतकी उठली. भरला वाडगा तिने लखमाच्या हातून तानूआक्काला देवविला. "आक्का, धान्य काढून घ्या. वाडग्यात तुमचं काहीतरी घाला. पण परत नको, पुढच्या दारी द्या."

"पुढचं दार डोंगरकऱ्याचं!"

"मग?"

"मग अळू जरा जास्तच घालते. त्यांना फदफदं कुठलं ठाऊक!"

लखमा म्हणाला, "घसा खाजला, तर आमची माणसं तुझ्याच दारात येऊन बसतील, आक्का."

"बसू देत की. चिंचही देते सोबत."

वाडगे दारोदार निघाले. कुणी मध घातला, कुणी वांगी. देणारा कोण अन् घेणारा कोण, कुणालाच कळेना. मान एकाचीही खाली नव्हती. ज्वारी ज्वारीच राहिली.

दगडाला घाम फुटला. राजाने डोळे उघडले.

"बाबा, जेवा," केतकी म्हणाली आणि तिने वाडगा पुढे केला.

राजा पोटभर जेवला. मग बागेतले पेरू वाडग्यात भरून तो अनवाणीच रस्त्यावर आला.

"पुढचं दार कुठलं?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी एकदमच, वेगवेगळ्या दिशांना हात केले.