उद्याचं दही

एकदा एक म्हातारे वैद्यबाबा आपल्या जुन्या शिष्येकडे दुपारचे जेवायला आले, आणि तिच्या घरचं दही विरजणासकट संपवून गेले.

ही शिष्या डोंगराच्या पायथ्याशी नांदत होती. माहेर माथ्यावर. ती परकरी पोर असताना बाबा औषधी पाला शोधायला वर येत, तेव्हा ती त्यांच्या मागे मागे हिंडून झाडं ओळखायला शिकली. मागे कसली, पुढेच. बाबा निम्म्या चढावर धापा टाकत उभे राहत आणि ही वरून हाका मारून त्यांना चिडवत असे. पुढे लग्न झालं, तीन लेकरं झाली, आणि अंग असं सुटलं की अंगणातून चुलीपर्यंत घागर नेताना तिला दोनदा टेकावं लागे. माहेरी जाऊन चार वर्षं झाली होती. परसात उभं राहिलं की माथ्यावरच्या घराचा धूर दिसे. रोज सकाळी ती तो धूर पाही. आई उठली, चूल पेटली, एवढं तिला कळे आणि तेवढ्यावर दिवस काढावा लागे.

त्या वर्षी वरून निरोप आला. आईच्या डोळ्यांतला उजेड चालला होता, दिसतंय तोवर लेकीने एकदा येऊन जावं, अशी तिची इच्छा होती. नवरा म्हणाला, डोलीत बसवून नेऊ.

"ज्या वाटेनं मी धावत उतरले, त्या वाटेनं चौघांच्या खांद्यावरून जाऊ?" असं तिने विचारलं, आणि डोलीचा विषय तिथेच मिटला.

तिने प्रयत्न केले नव्हते असं नाही. पाडव्याला नेम धरून ती एकदम निम्मा डोंगर चढली. दुसऱ्या दिवशी जात्यापाशी बसली ती उठेना. तिसऱ्या दिवशी धाकट्याला ताप आला. नेम मोडला, तेव्हा आता दसऱ्याला नव्याने, असं तिने ठरवलं. दसऱ्याला जेवणच निम्म्यावर आणलं. आठ दिवस अर्ध्या भाकरीवर राहिली आणि नवव्या दिवशी तिन्ही लेकरांच्या ताटांतलं उरलंसुरलं पुसून खाल्लं. असे पाच नेम झाले. सगळे सणाचा मुहूर्त पाहून धरलेले, सगळे आठ-पंधरा दिवसांत मोडलेले.

त्या दुपारी वाढता वाढता तिने हे सारं बाबांना सांगितलं. बाबा ऐकत होते आणि दही मागत होते. पातेलं तळाला गेलं तेव्हा तिने चमचाभर दही वाटीत काढून झाकून ठेवलं.

"त्या वाटीतलंही वाढ," बाबा म्हणाले.

थोरली मुलगी हळूच म्हणाली, "आई, ते विरजणाचं गं." आईने तिच्याकडे डोळे वटारले आणि वाटी पाहुण्याच्या ताटात रिकामी केली. बाबांनी ती बोटाने निपटली, तृप्तीची ढेकर दिली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी घरात दूध होतं, दही नव्हतं. धाकटा रडून लाल झाला. ती वाटी घेऊन शेजारच्या ठकूकाकूंकडे गेली, तर काकूंनी विरजण देता देता विचारून घेतलं, वैद्यबाबा पातेलं तरी ठेवून गेले का. ती तशीच तणतणत बाबांकडे पोचली. मोठ्या माणसाला बोलावं कसं, हे तिला सुचेना. बाबांनीच विषय काढला.

"तुझा धाकटा परवाही दही मागत असेल. तू सगळं दिलंस?"

"सगळं कसं देणार? चमचाभर ठेवावंच लागतं."

"रडला असेल."

"रडला. पण उद्या काय खाईल तो?"

 बाबा शांतपणे म्हणाले, "पोरी, दह्याला लावतेस ती अक्कल स्वतःला का लावत नाहीस? दिवसाचं सगळं बळ तू घराला वाढतेस, पातेलं निपटून. स्वतःसाठी चमचाभर राखणं तुला चोरी वाटते. मग सणाला हंडाभर दूध तापवतेस आणि दही का लागत नाही म्हणून रडतेस. हंडा केवढाही असो, त्यात कालचा चमचा पडलेला नाही. जमेल त्या दिवशी डोंगर चढ. न जमेल त्या दिवशी लेकरू कडेवर घेऊन वाटेवरच्या उंबराच्या झाडापर्यंत जा. तेही नाही जमलं तर चुलीपुढे दहा बैठका काढ. तेवढं विरजण पुरे. आणि वजन उतरलं का म्हणून सारखं झाकण उचलून पाहू नकोस. हलवलेलं दही लागत नाही."

"आणि एखाद्या दिवशी चमचाही उरला नाही तर?"

"काल नव्हता उरला. मग काय केलंस, दसऱ्याची वाट पाहिलीस?"

"काकूंकडून आणलं. लगेच." हे शब्द तोंडातून गेले आणि ती स्वतःशीच थबकली.

त्यानंतर ती कधी उंबरापर्यंत गेली, कधी पहिल्या टप्प्यापर्यंत, कधी नुसती चुलीपुढे उठली-बसली. दोनदा खंड पडला. दोन्ही वेळा तिने सण येण्याची वाट पाहिली नाही. लेकरांच्या ताटांतलं उरलेलं वासराच्या घमेल्यात जाऊ लागलं. पुढच्या चैत्रात एका सकाळी, धाकट्याला नवऱ्याच्या पाठुंगळी देऊन, ती थांबत थांबत माथ्यावर पोचली.

आई उंबऱ्यात बसली होती. तिला आता सावलीएवढंच दिसत होतं. उशीर झाला होता. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, नातवाचा चाचपला, आणि मग भिंतीला धरत आत जाऊन दही-भाकरी वाढायला घेतली. वाढता वाढता तिचा हात थांबला. चमचाभर दही तिने अंदाजाने बाजूच्या वाटीत काढलं.

"एवढं राहू दे," आई म्हणाली. "उद्या तू असशील ना गं?"

लेकीने होकाराची मान डोलावली. मग आईला ते दिसलं नसेल हे ध्यानात येऊन तिने आईचा हात हातात घेतला.