पन्नासांचं ताक, शंभरांचं मीठ

मुलाच्या साखरपुड्याला पन्नास माणसं आणतो म्हणून सांगणारे तुळोजीराव देशमुख शंभर घेऊन आले, आणि वर मठ्ठ्याचा घोट घेताच भर पंगतीत गरजले, "मीठ दुप्पट झालंय! यातलं काहीएक न काढता चव नीट करा, नाहीतर सोयरीक मोडली!"

सुभानराव पाटलांचा चेहरा उतरला. त्यांची लेक, नवरी मुलगी येसू, मात्र तेवढ्याच अळणी ताकाचा हंडा घेऊन आली आणि तिने तो मठ्ठ्याच्या पातेल्यात रिता केला.

"मामंजी, तुमची माणसं मोजून मीठ शंभरांचं घातलं होतं," ती म्हणाली. "ताक मात्र तुमच्या शब्दाला मान देऊन पन्नासांचंच ओतलं होतं."

पाटलांची मान ताठ झाली. देशमुखांनी पुन्हा वाटी पुढे केली.