राणीनं रंगारी झोपवले

समुद्राकाठी एक राजा होता, आणि त्याच्या राज्यात पिकायचं फक्त मीठ. दर उन्हाळ्यात मिठागरातलं पहिलं मीठ राजाच्या लेकीनं ओढायचं, मग बाकीच्यांनी. अशी तिथली रीत. लेकीचं नाव वेणू. रंगानं काळीसावळी, हसरी. वर्षभर त्या दिवसाची वाट बघायची.

पण राणीचं सुख दुखत होतं, बरं का. तिला लेक गोरी हवी होती. मग तिनं वेणूला हळददुधानं न्हाऊ घातलं. रंग तोच. मग अंधाऱ्या खोलीत ठेवलं. पोर कोमेजली, रंग जरासा उतरला, पण सावळी ती सावळीच. मग राणीनं मंत्र जाणणाऱ्या म्हातारीला बोलावलं.

म्हातारी म्हणाली, कातडीच्या तळाशी इवलेइवले रंगारी राहतात. गोऱ्याच्या अंगात तेवढेच, काळ्याच्याही तेवढेच. कुणाचे रंगारी रंग जास्त घोटतात, कुणाचे कमी, एवढाच फरक. राणी म्हणाली, झोपव त्यांना. म्हातारीनं समजावलं, राणी ऐकेना. मग म्हातारीनं घातली फुंकर. रंगारी झोपले. वेणू गोरीपान झाली. राणीनं गावभर साखर वाटली. हौस बघा बाईची.

मग उन्हाळा आला. वेणू मिठागरात धावली. मिठाला हात लावते न लावते तोच उन्हानं अंग भाजलं, खांद्यावर फोड आले. पोर घरी परतली. सगळ्यांचं काम अडलं.

वेणू म्हणाली, "आई, मला गोरं नको. मला उन्हात जायचंय."

 राणी धावत म्हातारीकडे गेली. म्हातारी म्हणाली, तूच झोपवलेस, तूच उठव. मग राणी लेकीच्या खांद्याशी वाकली आणि हळूच म्हणाली, "उठा रे बाळांनो. चुकले मी. माझ्या लेकीला सांभाळा."

रंगारी उठले. भराभरा रंग घोटला, पुड्या बांधल्या, लांब हात करून कातडीतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटल्या. ज्याला पुडी मिळाली त्यानं ती छत्रीसारखी डोक्यावर धरली. बघता बघता वेणू पुन्हा सावळी झाली. आग थांबली. तिनं पहिलं मीठ ओढलं, राणीनं चिमूटभर जिभेवर ठेवलं, आणि सगळी सुखानं आमटीभात जेवली.

आणि काय गं शामल, संध्याकाळी आरशापुढे तोंड पाडून बसली होतीस ना? तुझे रंगारी कामसू आहेत. त्यांना कशाला नावं ठेवायची? ये, कुशीत ये. झोप आता.