पहिल्या गावातली म्हातारी

“गेम संपला म्हणजे नक्की किती वाजता?” बाबांनी विचारलं.

“सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी.”

“घड्याळ बघितलंस?”

“दोन महिने मी घड्याळच बघतेय, बाबा.”



पीराच्या तकियात, त्या छोट्या दर्ग्यात, आम्ही दोघंच होतो. दस्तगीरबाबा आता तिथं झाडलोट करतात, पीराला ऊद घालतात. त्याआधी एकोणीस वर्षं स्टँडजवळ त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. एक दिवस शटर ओढलं आणि इथं येऊन बसले. का, ते कोणी विचारत नाही. पण कोणता गेम घ्यावा हे विचारायला गावातली पोरं अजून त्यांच्याकडंच येतात. बाबा म्हणतील तो घ्यायचा.

म्हणून मीही आले होते. माझं शिक्षण सातवी. गेममधलं मला काही कळत नाही. पण मला एक गेम पाहिजे होता, आणि तो आजच पाहिजे होता.

कोपऱ्यात स्टुलावर टेबल फॅन होता. बटण चालू होतं, आतून घुं घुं आवाज येत होता, पण पाती जागची हलत नव्हती. बाबांनी एक काडी घेतली, जाळीतून आत घातली आणि पात्याला हळूच ढोसलं. पंखा फिरायला लागला.

“हं. मग गेम संपल्यावर तुझ्या नवऱ्यानं काय केलं?”

“टीव्हीवर नावं वर वर जायला लागली. ती सगळी शेवटपर्यंत बघितली. मग रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘झालं.’”

“मग?”

“मग काही नाही. टीव्ही बंद आहे. ते त्याच्यासमोर बसलेत. आज तिसरा दिवस.”

“मोठा गेम संपला की माणूस दोन दिवस बसतोच. मीही बसायचो. आमची बायको म्हणायची, कोण गेलं?”

“तसं नाही, बाबा.”

बाबा हसायचे थांबले.

मला ते तोंडानं म्हणायचं नव्हतं. आडून आडून सांगितलं. आमचे हे कंत्राटी वायरमन. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी खांबावरून पडले. पायात सळई घातली, आता वॉकर धरून मोरीपर्यंत जातात. दवाखान्यातून आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. मग माझ्या दिरानं पुण्याहून त्याचा गेम पाठवून दिला, टीव्हीला जोडायचा. त्यात आपण एक माणूस व्हायचं, गावोगाव हिंडायचं, लांबलचक गोष्ट असते. पहिल्यांदा लावला त्या दिवशी हे मला म्हणाले, “एवढा गेम होऊ दे. मग बघू.”

“काय बघू?” बाबांनी विचारलं.

“ते नाही म्हणाले.”

“तू विचारलंस?”

“नाही… भीती वाटली.”

लाईट गेली. लगेच परत आली. पंखा पुन्हा नुसताच घुं घुं करायला लागला. बाबांनी काडी उचलली.

“कंडेन्सर गेलाय त्याचा,” मी म्हणाले. आपसूक तोंडातून गेलं.

“काय गेलाय?”

“कंडेन्सर. ढोसल्याशिवाय फिरत नाही म्हणजे तेच असतं. आमचे हे सांगायचे.”

“असं होय! आणि मी आपला आख्खा उन्हाळा काडी घेऊन बसलोय.” बाबांनी काडी मांडीवर ठेवली. “बरं. कोणता गेम पाहिजे म्हणतेस?”

मी पदराच्या गाठीतून कागद काढला. दिरानं फोनवर नावं सांगितली होती, मी ऐकू आली तशी लिहून घेतली होती.

बाबांनी चष्मा पुसला.

“ड्रॅगन… तलवार… परत ड्रॅगन… हे काय? शेवटची दलाल?”

“मशाल असेल. आवाज नीट येत नव्हता.”

“आणि हे आकडे कसले?”

“तास. गेम किती तास चालतो ते.”

“पोरं तर वेगळंच विचारतात. चित्रं कशी, लढाई कशी, गोष्ट कशी.”

“मला तासच पाहिजेत.”

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

“सगळ्यात मोठा कोणता?”

“शेवटून दुसरा. दोनशे तास. हे दिवसाला सहा तास खेळतात. तेहेतीस दिवस जातील. मे महिना अर्धा होईल.”

“आणि मग?”

“मग दुसरा आणायचा.”

“मग?”

“मग तिसरा. लांबवत न्यायचं, बाबा. एवढंच माझ्या हातात आहे.”

“हं…”

“दीर म्हणत होता, न संपणारेही गेम असतात.”

“असतात.”

“तसला द्या की मग!”

“मी दुकानात कधी ठेवला नाही.”

“का?”

बाबा पीराच्या हिरव्या चादरीकडं बघत राहिले…

मला रडू यायच्या ऐवजी राग आला. “तुम्ही काही सांगतच नाही. नुसतं विचारता. एवढ्या उन्हात मी काय प्रश्न ऐकायला आले?”

“गिऱ्हाईकसुद्धा हेच म्हणायचं,” बाबा म्हणाले. “एकजण तर सीडी फेकून गेला होता अंगावर.”

“मग सांगा ना. खेळण्यासारखा गेम तुम्ही कसा निवडायचात?”

“सीडी लावायची. पहिल्या गावापर्यंत जायचं. तिथं कोणी आडवं आलं तर गेम ठेवायचा. नाही आलं तर परत.”

“आडवं म्हणजे भांडायला?”

“काम सांगायला. म्हातारी असेल, लोहार असेल, कोणीही. आपल्या अंगावर फाटकं असतं. तलवार धड धरता येत नसते, एका कुत्र्यानं लोळवलेलं असतं. तरी ती म्हातारी आपल्यालाच हाक मारते, बाबा रे, माझं एवढं काम कर.” बाबांनी नाक पुसलं. “नुसतं चाल आणि मार असलं की मला झोप यायची.”

“ह्यांच्या गेममध्ये शेळी होती,” मी म्हणाले.

“कसली शेळी?”

“म्हातारीची. दोन महिन्यांत तेवढे एकदाच हसले. म्हणाले, अख्ख्या गावात म्हातारीला मीच सापडलो बघ. म्हणते शेळी हरवली, आणून दे.”

“आणली?”

“दोन तास लागले. ताट निवून गेलं. पण आणली. मग म्हातारीनं पाव दिला एक.”

“खाल्ला?”

“नाही ना. मागच्या आठवड्यात टीव्हीवर त्यांनी पिशवी उघडली होती. तलवारी, औषधं, काय काय भरलेलं. त्यात तो पाव. मी विचारलं, हा कसला? तर म्हणाले, शेळीचा.”

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले.

“आणि घरी?” त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

“घरी काय?”

“आज सकाळपासून त्याला कोणी काय सांगितलं?”

“काही नाही!” मी चटकन म्हणाले. ह्या बाबतीत माझ्याकडं कोणी बोट दाखवू शकणार नाही. “एक काम पडू देत नाही मी त्यांच्यावर. तांब्यासुद्धा हातात देते. टीव्हीचं बटण मी दाबते. फोनही माझ्याकडंच असतो.”

“त्याचा फोन?”

“अजून लोकांचे फोन येतात. आमच्यात लाईट नाही, मोटर उचलत नाही, बोर्डातून धूर येतोय. मी सांगते, घरी नाहीत.”

“घरीच असतो ना?”

“…हो.”

“लेकरं?”

“एक मुलगी. ईश्वरी, चार वर्षांची. तिला काय कळतंय! बाहुली बोलायची बंद झाली म्हणून त्यांच्यापुढं नेऊन धरली. मी मागं ओढली. पप्पांना त्रास देऊ नको म्हटलं.”

“तो काय म्हणाला?”

“काही नाही. हात पुढं केला होता… मग मागं घेतला.”



“हात चालतात त्याचे?”

“उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत. रिमोटपुरते चालतात.”

“रिमोटपुरते,” बाबा म्हणाले. मग माझ्या गळ्याकडं बोट केलं. “ती किल्ली कसली?”

मंगळसूत्रात अडकवलेली किल्ली मी पदराखाली सारली.

“ट्रंकेची.”

“दागिने?”

“दागिने कुठले… त्यांची पकड आहे, टेस्टर आहे, खांबावर चढायचा पट्टा आहे.”

“आणखी?”

“दोरी. दाढीचं सामान. विळी. फवारणीचं औषध होतं थोडं, ते मी गटारात ओतलं.”

एवढं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. सांगितल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. नुसतं तहानल्यासारखं झालं.

तकियाच्या भिंतीवर घड्याळ होतं. चार वाजायला दहा कमी.

“बाबा, मला जायला पाहिजे. शेजारच्या सुमनकाकूंना आमच्या दारात तांदूळ निवडायला बसवून आलेय. लक्ष ठेवा म्हटलं. चारला नळाला पाणी येतं, मग त्या उठणार. एक नाव सांगा. ह्यातलं कोणतंही. बोट ठेवा नुसतं.”

मी कागद त्यांच्या पायाशी ठेवला आणि फरशीला डोकं टेकलं. फरशी गार होती. तिथून उठूच नये असं वाटलं…

लाईट परत गेली. परत आली.

पंखा घुं घुं करत राहिला. बाबांनी काडी उचलली नाही. मी वाट बघितली. माझ्या कानामागून घाम गळ्यात उतरला. बाबांच्या दाढीतून घामाचा थेंब कुडत्यावर पडला. शेवटी मीच काडीला हात घातला.

बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. “राहू दे.”

ते उठले. बटण बंद केलं, पिन काढली. वायर कोपरावर घेऊन नीट गुंडाळली. कागदाची घडी करून पंख्याच्या जाळीत खोचली आणि आख्खा पंखा माझ्या मांडीवर आणून ठेवला.

“जाता जाता दुरुस्तीच्या दुकानात टाकू का?” मी विचारलं.

“नाही.”

“मग?”

बाबा माझ्याकडं बघत राहिले.

मला कळायला वेळ लागला. कळल्यावर माझा हात किल्लीवर गेला.

“नाही, बाबा. वायर आहे ही. करंट आहे… त्यांचं हेच काम करताना तर… आणि त्यासाठी ट्रंक उघडावी लागेल.”

“पकड आणि टेस्टर काढ. बाकीचं आत राहू दे, किल्ली गळ्यात राहू दे. आणि शेजारी बस.”

“हात थरथरला तर? नाही जमलं तर? आधीच ते… नाही जमलं म्हणून आणखीच…”

“जमणारही नाही कदाचित.”

“मग काही होणार नाही असं तरी म्हणा!”

बाबा तसं म्हणाले नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले, ते तसं म्हणालेच नाहीत. नुसते उपरण्यानं मान पुसत राहिले.

चार वाजले. माझ्या डोळ्यांसमोर सुमनकाकू सूप खाली ठेवून उठल्या. मी पंखा उचलला. जड होता. दाराशी पोचले.

“बेटी,” बाबांनी मागून विचारलं, “नाव काय त्याचं?”

आजवर मी ते चारचौघांत घेतलं नव्हतं.

“नागेश.”

“निरोप सांग नागेशला. दस्तगीरबाबाचा पंखा फिरत नाही. दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही म्हणावं… आणि लवकर कर म्हणावं, बाबाला फार उकडतंय.”